आपला खासदार संसदेत काय बोलतो, कुणाच्या बाजूने मत देतो: कोल्हापुरातून नोंद कशी ठेवावी

आधी खासदार कोणता, ते पक्के करा. हे सोपे वाटते, पण पहिली चूक इथेच होते. कोल्हापूर जिल्ह्यात लोकसभेचे दोन मतदारसंघ आहेत. चंदगड, राधानगरी, कागल, करवीर, कोल्हापूर उत्तर आणि कोल्हापूर दक्षिण हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून ‘कोल्हापूर’ होतो. शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा मिळून ‘हातकणंगले’. म्हणजे पन्हाळगडावर राहणाऱ्याचा किंवा जयसिंगपूरच्या माणसाचा खासदार कोल्हापूरचा नव्हे, हातकणंगलेचा. २०२४ च्या निवडणुकीत कोल्हापुरातून काँग्रेसचे शाहू छत्रपती आणि हातकणंगल्यातून शिवसेनेचे धैर्यशील माने निवडून आले. राज्यसभेत २०२२ पासून भाजपचे धनंजय महाडिक आहेत. तीन माणसे, तीन पक्ष, दोन सभागृहे. एकाच विषयावर तिघांची नोंद शेजारी शेजारी ठेवता येते, ही नोंद ठेवणाऱ्याची चैनच म्हणायची.

संसदेच्या संकेतस्थळावर नोंदी सभागृहाप्रमाणे आणि कार्यकाळाप्रमाणे वेगळ्या असतात. महाडिकांची २०१४ ते २०१९ ची भाषणे सोळाव्या लोकसभेत सापडतील, आताची राज्यसभेत. हातकणंगल्याचे माजी खासदार राजू शेट्टींसाठी पंधरावी आणि सोळावी लोकसभा उघडावी लागेल. संभाजीराजे छत्रपती २०१६ ते २०२२ राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते, त्यामुळे त्यांचे सगळे राज्यसभेत. आणि ‘हातकणंगले’ हा मतदारसंघ आताच्या रूपात २००९ पासूनचा आहे. त्याच्या लगेच आधीचे हवे असेल तर ‘इचलकरंजी’ शोधा. निवेदिता माने १९९९ आणि २००४ ला तिथूनच निवडून आल्या होत्या.

नावाचाही घोळ असतो. आपण ज्या नावाने ओळखतो ते कागदावर असेलच असे नाही. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे ‘छत्रपती’ आधी आणि ‘शाहू’ नंतर. एका नावाने शोधून काही आले नाही म्हणून ‘खासदार बोललेच नाहीत’ असे लिहू नका. नावाचा प्रत्येक तुकडा वेगवेगळा टाकून बघा आणि शेजारी मतदारसंघ लिहिला आहे का, ते पाहूनच पुढे जा.

कुठे पाहायचे

मूळ जागा एकच: संसद डॉट इन. तिथे लोकसभा किंवा राज्यसभा निवडायची. मग सदस्य, प्रश्न, वादविवाद, कामकाज, विधेयके, समित्या असे कप्पे दिसतात. चलतचित्रासाठी संसद टीव्ही; लोकसभा आणि राज्यसभेच्या दोन वाहिन्या २०२१ मध्ये एकत्र करून ती झाली, आणि तिची यूट्यूबवरची साठवण उपयोगी पडते. तयार आकड्यांसाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च. ही संस्था २००५ पासून विधिमंडळांच्या कामाच्या नोंदी ठेवते. प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग आणि अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) विधेयके हे तिच्या पानावर राज्याच्या आणि देशाच्या सरासरीसह दिसते. सुरुवात पीआरएसपासून करायला हरकत नाही. शेवट तिथे करू नका, कारण तिथे ‘किती’ कळते, ‘काय’ कळत नाही.

मतदान: जिथे सगळ्यात जास्त गफलत होते

संसदेतले बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. पीठासीन अधिकारी (अध्यक्ष, सभापती किंवा त्यांच्या जागी बसलेला सदस्य) बाजूने असलेल्यांचा आणि विरोधातल्यांचा आवाज ऐकतात आणि प्रस्ताव मंजूर झाल्याचे जाहीर करतात. यात कुणाचेही नाव कागदावर येत नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत दोन शेती विधेयके अशीच मंजूर झाली. १० ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेतला अविश्वास ठराव असाच फेटाळला गेला. २६ जून २०२४ ला लोकसभा अध्यक्षांची निवडही आवाजी मतानेच झाली. तेव्हा ‘शेती कायद्याच्या वेळी अमक्या राज्यसभा सदस्याने बाजूने मत दिले’ असा संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत असेल, तर त्यामागे मताची नोंद असूच शकत नाही. फार तर भाषण असेल. भाषण आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वहीत दोन्हींचे रकाने वेगळे हवेत.

नावानिशी नोंद होते ती मतविभाजनात. आवाजी निकाल एखाद्या सदस्याला मान्य नसेल तर तो मतविभाजन मागतो. घटनादुरुस्तीच्या विधेयकाला ते घ्यावेच लागते, कारण तिथे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, अशा दोन अटी मोजून दाखवाव्या लागतात. मागणी उगाच केली आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना जागेवर उभे करून नुसती डोकी मोजू शकतात. तेव्हा आकडा मिळतो, नावे मिळत नाहीत.

प्रत्यक्षात काय घडते हे माहीत असले की नोंदीतल्या विसंगती कळतात. साडेतीन मिनिटे घंटा वाजते आणि मग दालनाची दारे बंद होतात. सदस्य आपल्या जागेवरून कळ दाबतो: हिरवी म्हणजे बाजूने, लाल म्हणजे विरोधात, पिवळी म्हणजे तटस्थ. मतदान सुरू करण्याची कळ आणि आपल्या मताची कळ, दोन्ही एकाच वेळी दाबून दुसरी घंटा होईपर्यंत धरून ठेवाव्या लागतात. कुणाचे बोट आधी सुटते, कुणी चुकीची कळ दाबतो. मग ते चिठ्ठीवर मत देतात किंवा दुरुस्त करून घेतात. म्हणून फलकावरचा पहिला आकडा ‘दुरुस्तीच्या अधीन’ असतो. १७ डिसेंबर २०२४ ला एकत्र निवडणुकांचे घटनादुरुस्ती विधेयक मांडताना यंत्राने २२० विरुद्ध १४९ दाखवले. चिठ्ठ्या धरून अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. जवळजवळ शंभर मते चिठ्ठीवरची होती! त्या पहिल्या आकड्यावरून किंवा फलकाच्या छायाचित्रावरून ‘आमच्या खासदारांनी मतच दिले नाही’ असे कुणी ठरवले असते, तर ते किती चुकले असते पाहा.

आता यादी शोधण्याची रीत.

१. बातमीतून तारीख काढा. तारीख बैठकीची हवी, मतदानाच्या घड्याळाची नव्हे. वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत मत पडले तेव्हा मध्यरात्र उलटून ३ एप्रिल २०२५ उजाडला होता, पण बैठक २ एप्रिलची. राज्यसभेतही तसेच झाले: बैठक ३ एप्रिलची, मत ४ तारखेच्या पहाटे. चुकीच्या तारखेची फाइल उघडून लोक ‘नोंद गायब केली’ म्हणत बसतात.

२. वादविवादाच्या कप्प्यातून त्या दिवसाची पीडीएफ उतरवा. संपूर्ण दिवसाची फाइल मोठी असते, कधी पाचशे पानांच्या पुढे. मोबाइलवर शोध चालला नाही तर संगणक वापरा.

३. फाइलमध्ये ‘डिव्हिजन’ हा शब्द इंग्रजी लिपीत शोधा. भाषणे हिंदीत असली तरी कामकाजाच्या ओळी बहुधा इंग्रजीत असतात. ‘मोशन वॉज अडॉप्टेड’ एवढीच ओळ दिसली आणि खाली यादी नसेल, तर ते आवाजी मतदान.

४. यादीच्या लगेच वरचा मजकूर वाचा. मत नेमके कशावर आहे? विधेयक मांडण्यावर, विचारात घेण्यावर, एखाद्या कलमावर, विरोधकांच्या दुरुस्तीवर की विधेयक मंजूर करण्यावर?

५. मगच नाव शोधा: बाजूने, विरोधात, तटस्थ अशा तिन्ही याद्यांत. यादीखालची तारांकित टीपही वाचा. चिठ्ठीने मत दिलेल्यांची किंवा मत बदललेल्यांची नावे तिथे असतात.

चौथी पायरी गाळली की सगळे उलटे होते. एकाच विधेयकावर एका संध्याकाळी अनेक मतविभाजने होऊ शकतात. त्यातली काही विरोधकांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांवर असतात. अशा दुरुस्तीला ‘ना’ म्हणणारा सदस्य बहुधा विधेयकाच्या बाजूचा असतो. नुसते ‘ना’च्या यादीतले नाव कापून फिरवले की लोकांना वाटते त्याने विधेयकाला विरोध केला. वहीत मतविभाजनाचा क्रमांक लिहायचा तो याचसाठी. ‘वक्फ विधेयक, लोकसभा, मंजुरीचा प्रस्ताव, २८८ विरुद्ध २३२’ इतकी नेमकी नोंद हवी. राज्यसभेत हाच आकडा १२८ विरुद्ध ९५ होता. कोल्हापूरच्या तिघांची नावे या दोन याद्यांत कुठे आहेत ते शोधणे, हा सरावासाठी चांगला पहिला धडा आहे.

तिन्ही याद्यांत नाव नसेल तर ‘गैरहजर’ असे घाईने लिहू नका. आधी ‘मताची नोंद नाही’ लिहा. मग पाहा: त्याच दिवशी त्या विषयावर ते बोलले का? पक्षाने सभात्याग केला का? सभात्यागाची ओळ कार्यवृत्तात असते: अमुक सदस्य सभागृहाबाहेर गेले, अशी. ते स्वतः पीठासीन होते का? पीठावर बसलेला सदस्य समसमान मते पडल्यावरच मत देतो. तटस्थ राहणे आणि मतच न देणे यांतही फरक आहे. घटनादुरुस्तीत तर दालनाबाहेर राहण्यालाही वजन असते, कारण लोकसभेच्या ५४३ जागांपैकी काही रिकाम्या असल्या तरी किमान २७२ मते बाजूने पडावीच लागतात. न आलेला माणूस त्या बेरजेत भर घालत नाही.

आणि हे मत कुणाचे, असाही प्रश्न आहे. १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे (पक्षांतरबंदी) पक्षादेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मत देणाऱ्याचे किंवा मतदान टाळणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते; पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच वाचते. त्यामुळे पक्षादेश असलेल्या मतावरून खासदाराचे स्वतःचे म्हणणे कळत नाही, पक्षाचे कळते. पण म्हणून ते नोंदवायचे नाही असे नव्हे. त्याची जबाबदारी त्याच्यावर आहेच. फक्त ‘त्यांना मनातून हे पटले’ असा अर्थ त्यातून काढू नका. उलट गर्दीतून वेगळे पडलेले मत नक्की टिपा. महिला आरक्षणाच्या विधेयकावर २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी मते पडली; त्या दोघांतले एक आपल्याच राज्यातले, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील होते. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र मतदान गुप्त असते. तिथे कुणी कुणाला मत दिले हे सांगणारा फक्त अंदाज सांगतो.

भाषण शोधताना

शब्दशः वृत्त ज्या भाषेत सदस्य बोलला त्या भाषेत असते. हिंदी भाषण देवनागरीत, इंग्रजी रोमनमध्ये. मराठीतून बोलले तर बहुधा त्याचा अनुवाद छापला जातो आणि मूळ भाषण मराठी असल्याची टीप असते. शोधताना याचा फटका बसतो. हिंदीत ‘कोल्हापुर’ असे ह्रस्व ‘पु’ने लिहितात, आपण दीर्घ ‘पू’ने. मराठी वळणाने टाइप केले तर एकही ओळ सापडणार नाही आणि भाषण मात्र समोर असेल. हिंदी आणि इंग्रजी, दोन्ही रूपे टाका. साखर कारखान्यासाठी ‘चीनी मिल’, उसासाठी ‘गन्ना’, यंत्रमागासाठी ‘पावरलूम’, पुरासाठी ‘बाढ़’. धरणासाठी ‘अलमट्टी’ आणि ‘आलमट्टी’ दोन्ही वापरा. रेल्वेच्या कागदांत स्थानक ‘छत्रपती शाहू महाराज टर्मिनस’ असेही येते.

प्रत्येक भाषण एकाच वजनाचे नसते. विधेयकावरच्या चर्चेत पक्षाला वेळ वाटून मिळतो आणि त्यात कुणी बोलायचे ते पक्ष ठरवतो. म्हणून कमी बोलणारा खासदार आळशीच असेल असे नाही, त्याचे नाव यादीत वर नसेल. शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत) बोलण्यासाठी मात्र सदस्य स्वतःहून नोटीस देतो; आपल्या भागाचे प्रश्न बहुतेक तिथेच येतात. लोकसभेत नियम ३७७ खाली आणि राज्यसभेत विशेष उल्लेखाखाली लहान लेखी निवेदन करता येते. मतदारसंघासाठी माणूस किती खटपट करतो, हे पाहायला या तीन जागा मोठ्या भाषणांपेक्षा बऱ्या.

‘भाषण पटलावर ठेवले’ अशी टीपही बघा. वेळ संपली की सदस्य लिहून आणलेले भाषण सादर करतो, आणि ते न बोलताही छापले जाते. अर्थसंकल्पाच्या चर्चेत हे फार होते. बेकायदेशीर काही नाही, पण वहीत ‘बोलले’ असे न लिहिता ‘लेखी दिले’ लिहा. खात्री हवी तर वृत्तातल्या वेळेच्या खुणा पाहून संसद टीव्हीच्या चित्रफितीत तेवढाच भाग काढा. कार्यवृत्तातून काढलेले शब्द छापील वृत्तात नसतात, त्यांच्या जागी फुल्या असतात. ते शब्द आपण ऐकले असले तरी अवतरणात देऊ नका.

रीलवर भागवू नका. चाळीस सेकंदांत खासदार पंचगंगेच्या प्रदूषणावर कडाडताना दिसतात, पण ती चर्चा कुठल्या विधेयकावर होती आणि शेवटी त्यांनी त्याला पाठिंबा दिला की विरोध केला, हे रीलमध्ये नसते. वृत्तातल्या भाषणाच्या पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात ते जवळजवळ नेहमी सापडते. तेवढे दोन परिच्छेद आधी वाचा.

प्रश्न

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास ११ ला, राज्यसभेत १२ ला. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकिताला मंत्र्याचे तोंडी उत्तर आणि त्यावर पुरवणी प्रश्न. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. वीसपैकी प्रत्यक्ष तासाभरात थोडेच पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे पटलावर जातात. यादीतला क्रम सोडतीने लागतो. म्हणून तारांकित प्रश्नांच्या संख्येत नशिबाचा वाटा मोठा असतो.

प्रश्नसंख्येचे फलक चौकात लागतात, त्याबाबत एकच सांगणे: उत्तराची फाइल उघडा. एकाच विषयावर अनेक सदस्यांनी नोटीस दिली की प्रश्न एकत्र केला जातो आणि दहा-दहा नावे वर येतात; मोजताना तो प्रत्येकाच्या खात्यात पडतो. प्रश्नात कोल्हापूरचे नाव आहे की ‘देशात किती’ असा सरधोपट प्रश्न आहे? दुसऱ्या प्रकारचे प्रश्न वाईट नसतात, पण ते कुणीही विचारू शकले असते. आणि उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे, पटलावर ठेवली जाईल’ असे असेल, तर ते सरकारचे आश्वासन समजले जाते आणि तीन महिन्यांत पुरे करायचे असते. ती तारीख वहीत पुढे लिहून ठेवा. खासदाराने पाठपुरावा केला का, हे तिथे कळते. हे काम करणारे फारच कमी, आणि खरी मेहनत त्यातच आहे.

विषय कोणत्या मंत्रालयाचा, हे माहीत असले की शोध लवकर लागतो. उसाची एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) आणि साखरेचा किमान विक्री दर अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे, अलमट्टी धरणाची उंची जलशक्तीकडे, कोल्हापूर–वैभववाडी मार्ग रेल्वेकडे, इचलकरंजीचे माग वस्त्रोद्योगाकडे. केएमटीच्या बसगाड्या, शहरातले खड्डे, शाळांच्या इमारती हे संसदेच्या यादीत शोधू नका. राज्याच्या विषयावरचा प्रश्न तिथे स्वीकारलाच जात नाही. त्यासाठी आमदाराची वही वेगळी करा.

हजेरी, समित्या, विधेयके

हजेरी म्हणजे त्या दिवशी सही झाली, एवढेच. दिवसभर बसले की सही करून गेले, हे तिच्यातून कळत नाही. मंत्री आणि विरोधी पक्षनेते यांना सही करावी लागत नाही, म्हणून त्यांच्यापुढे आकडा नसतो. तो शून्य धरू नका. पोटनिवडणुकीतून मध्येच आलेल्या सदस्याची तुलना पूर्ण काळ असलेल्याशी करू नका.

विभागवार स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाच्या शेवटी बैठकांची टिपणे आणि हजर सदस्यांची नावे जोडलेली असतात. भिन्नमतपत्रिका (असहमतीची लेखी नोंद) दिली असेल तर तीही तिथेच असते. पक्षादेशाबाहेरचे मत वाचायला मिळण्याची ही बऱ्यापैकी जागा आहे, आणि हजेरीपटाइतकी कुणी ती बघत नाही.

अशासकीय विधेयके शुक्रवारी दुपारी येतात. आजवर अशी चौदाच विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. तेव्हा ‘मंजूर झाले का’ हा निकष लावू नका. राजू शेट्टींनी २०१८ मध्ये हमीभाव आणि कर्जमुक्तीसंबंधी विधेयके लोकसभेत मांडली होती. त्यांचे मोल विषय कागदावर येण्यात होते. मसुदा वाचा. दोन पानांचा आहे की नीट कलमवार केलेला, यावरून कळते.

वही

कागदाची वही किंवा साधा तक्ता, काहीही चालेल. रकाने सात: बैठकीची तारीख, सभागृह, विषय, नेमका प्रस्ताव किंवा प्रश्नाचा क्रमांक, मत (बाजूने, विरोधात, तटस्थ, आवाजी, नोंद नाही), बोललेले एक वाक्य जसेच्या तसे, आणि फाइलचे पान. सातवा रकाना कंटाळवाणा असतो, पण भांडणाच्या वेळी तोच कामाला येतो. अधिवेशन चालू असताना आठवड्याला एक तास पुरतो. रविवारी बसा, तोवर आठवड्याच्या फाइली चढलेल्या असतात. सुरुवातीला चढते ते असंशोधित वृत्त, पुढे त्याच्या जागी दुरुस्त प्रत येते आणि पानांचे क्रमांक बदलतात. म्हणून उतरवलेली पीडीएफ जपून ठेवा आणि नावात तारीख व ‘असंशोधित’ असे लिहा.

दोघांनी मिळून नोंद ठेवावी, आणि शक्यतो दोघांचा पक्ष वेगळा असावा. मतविभाजनाची यादी एकाने वाचायची, दुसऱ्याने ताडायची. आपल्या आवडीच्या खासदाराचे नाव चुकीच्या यादीत दिसले की डोळा आपोआप पुढे सरकतो.

काही अडले तर खासदारांच्या कार्यालयाला थेट लिहा, पण ‘तुम्ही गप्प का’ असे नको. तारीख, विधेयकाचे नाव, मतविभाजनाचा क्रमांक द्या आणि एकच प्रश्न विचारा: नोंद दिसत नाही, त्याचे कारण कळवावे. उत्तर आले तर ते तारखेसह त्याच ओळीत चिकटवा. आले नाही तर पत्राची तारीख लिहा.

जुन्या खासदारांसाठी संसदेचे डिजिटल ग्रंथालय आहे. उदयसिंगराव गायकवाड, सदाशिवराव मंडलिक यांच्या काळातली भाषणे तिथे मिळतात, पण बरीच पाने छायाचित्रासारखी असल्याने फाइलमधला शोध चालत नाही. तिथे आधी त्या अधिवेशनाची सूची उघडायची, तारीख आणि स्तंभ क्रमांक टिपायचा आणि मग पान हाताने उलटत जायचे.